मौन हे सौजन्य नव्हे

“मी काय, सगळ्यांचे नंबर तेवढे एकत्र केले. कोण काय लिहितो, त्याला मी जबाबदार कसा?” धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिनपद ज्यांच्याकडे आहे, अशा आपल्या बंधुभगिनींच्या तोंडी हे वाक्य आता इतके रुळले आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. या वाक्याला विरोध करण्यासाठीच हा लेखप्रपंच. माणसे एकत्र बोलावणाऱ्याने, त्यांच्यात एक जण दुसऱ्याचा पाणउतारा करू लागला असता भिंतीकडे तोंड करून बसावे, हा सभ्यपणा आहे असे मी मानत नाही. तो पक्षपात आहे, आणि तो नेहमी जास्त ओरडणाऱ्याच्या बाजूचा असतो.

मोठ्या शहरांतील वाचकांना हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वसईसारख्या ठिकाणी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात माणसे एकमेकांना भेटतात, आणि ग्रुपवरचा रुसवा तिथल्या दोन शब्दांत विरघळून जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या चोपड्याकडची स्थिती निराळी. इथे ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली. एक घर गावात, दुसरे तापीपलीकडे, मुलगा नोकरीनिमित्त सुरतेला, मुलगी पुण्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी. कोणाला रक्त हवे झाले, मिस्सेची वेळ बदलली, कोणाचे निधन झाले, म्हणजे ही सारी माणसे जमण्याची जागा ती एकच. तिथून एखादे कुटुंब मुकाट्याने बाहेर पडले, तर ते समाजातूनच बाहेर पडल्यासारखे होते.

हे बाहेर पडणे कसे घडते ते आपण सर्व जाणतो. कोणी एक गृहस्थ असतो. तो कोणाच्या पूर्वाश्रमीच्या जातीवरून शेरा मारतो, कोणाच्या अहिराणी वळणाच्या बोलण्याची टर उडवतो, मिस्सेत वाचन करणाऱ्या मुलीच्या फोटोखाली दुहेरी अर्थाचे वाक्य टाकतो. शंभर जण ते वाचतात. दोघे-तिघे हसऱ्या चेहऱ्याची चित्रे पाठवतात. मग कोणी घाईघाईने गुलाबाचे फूल आणि ‘शुभ प्रभात’ पाठवतो, आणि त्या फुलाखाली तो अपमान झाकला गेला असे मानून सर्व जण आपापल्या कामाला लागतात. ज्याचा अपमान झाला, त्याच्या दृष्टीने मात्र त्या शंभर जणांनी मतदान केलेले असते.

यावर ॲडमिन कायद्याचा हवाला देतात. तो हवाला खरा आहे, म्हणून त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे. २०१६ मध्ये गोंदिया जिल्ह्यात असाच एक प्रकार घडला. ग्रुपमधील एका सभासदाने एका महिला सभासदाविषयी अत्यंत गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढून टाकले नाही, माफी मागायला लावले नाही, उलट आपली असमर्थता व्यक्त केली, अशी त्या महिलेची तक्रार होती. पोलिसांनी ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी ॲडमिनविरुद्धचा तो खटला रद्द केला. सभासद काय लिहील हे ॲडमिनला आधी कळू शकत नाही, त्याचे अधिकार सभासद घेण्या-काढण्यापुरतेच मर्यादित आहेत, आणि दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट दिसत नसेल तर एकाच्या लेखनाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी मारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही याच दिशेचा निर्णय दिला.

हे निर्णय योग्यच आहेत. दुसऱ्याच्या जिभेपायी कोणाला तुरुंगात जावे लागू नये. परंतु न्यायालयासमोरचा प्रश्न शिक्षेचा होता, कर्तव्याचा नव्हता. शेजाऱ्याच्या घराला आग लागलेली पाहून जो बादली उचलत नाही, त्याच्यावर आग लावल्याचा खटला चालत नाही. तेवढ्यावरून त्याने योग्य केले असे कोणी म्हणेल काय? ‘कायदा मला धरत नाही’ हे गुन्हेगाराचे समाधान असू शकते. समाजाचे काम अंगावर घेतलेल्या माणसाचे ते समाधान असता कामा नये.

शिवाय ‘माझ्या हाती काय आहे?’ हा प्रश्नही आता तितकासा प्रामाणिक राहिलेला नाही. केवळ ॲडमिननेच लिहावे, इतरांनी वाचावे, अशी सोय २०१८ पासून आहे. त्या निर्णयानंतर, २०२२ मध्ये, कोणाही सभासदाचा मजकूर सर्वांच्या फोनवरून पुसण्याचा अधिकार ॲडमिनला मिळाला. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. पूर्वी कोणी ग्रुप सोडला की ती ओळ सर्वांना दिसे. आता सोडून जाणाऱ्याची सूचना केवळ ॲडमिनला मिळते. म्हणजे त्या वाक्यानंतर कोण उठून गेले, याची सूचना शंभर जणांमध्ये फक्त एकाला मिळते. आणि तोच एक म्हणतो, “मला काय ठाऊक?” ज्याला एकट्याला सूचना मिळते, त्याच्यावर पाहण्याचे ओझे सर्वांहून अधिक असते.

मौनाची किंमत केवळ रुसव्याफुगव्यांत मोजली जाते असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्याच खानदेशातील राईनपाड्याचे स्मरण ठेवावे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील या गावी १ जुलै २०१८ रोजी भरल्या आठवडी बाजारात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ती माणसे मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातील होती. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत फोनाफोनी, ग्रुपाग्रुपांतून पसरल्या होत्या. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ज्यांनी हात उचलला त्यांचा न्याय झाला. पण ती अफवा ज्या ज्या ग्रुपांतून गेली, तिथे “हे कुठून आले? कोणी पाहिले? पोलीस ठाण्यात विचारले काय?” एवढे तीन प्रश्न विचारणे ज्यांना शक्य होते, त्यांचा हिशेब कोणत्याही न्यायालयात होणार नाही. तो ज्याने त्याने आपल्या मनाशी करावयाचा आहे. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक मजकूर एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास बंधन घातले. परदेशातील एका कंपनीला जे सुचले, ते आपल्या ग्रुपच्या ॲडमिनला सुचू नये, हे आश्चर्य नव्हे काय?

आता मौनाच्या वकिलांचा दुसरा युक्तिवाद घेऊ. “लोकशाही आहे, सर्वांनाच बोलू द्या.” ऐकायला हा उदार वाटतो. प्रत्यक्षात ज्या सभेला नियम नाही तिथे सर्व बोलत नाहीत, फक्त निर्लज्ज बोलतात. गावच्या चावडीवरदेखील एकाचे बोलणे पुरे होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, ही रीत होती. बायाबापड्यांना, लहानांना, गरिबांना बोलते करायचे असेल तर कोणीतरी दांडग्याला “थांब” म्हणावेच लागते.

पण या “थांब”चीही एक रीत आहे, आणि ती न पाळल्यास काय होते याचा धडा आमच्या तापीच्या मुखाशीच घडला आहे. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले. डॉ. रासबिहारी घोष यांची अध्यक्षपदासाठी योजना झाली होती. २६ डिसेंबरला गोंधळ होऊन सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे चिठ्ठी पाठवून बोलण्याची परवानगी मागितली. तिला उत्तर मिळाले नाही. अध्यक्षांची निवड जाहीर झाल्यावर टिळक स्वतः व्यासपीठावर गेले. त्यांना बोलू दिले जाईना, ते हटेनात. तेवढ्यात एक जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, पोलिसांना मंडप रिकामा करावा लागला. राष्ट्रसभेची दोन शकले झाली, ती १९१६ च्या लखनौ अधिवेशनात सांधली गेली. जोडा फेकणाऱ्याचे समर्थन कोणीही शहाणा करणार नाही. तथापि सभा चालवणाऱ्यांनी हेही ओळखावे की चिठ्ठीला ‘नाही’ असे कारणासहित उत्तर देणे शक्य होते. उत्तर न मिळालेल्या चिठ्ठीचा पुढे जोडा होतो, हा सुरतेचा धडा आहे.

आपल्या ग्रुपांत असे घडताना मी पुन्हा पुन्हा पाहतो. सणाच्या वर्गणीचा हिशेब एखादा सभासद विचारतो. प्रश्न सरळ असतो, त्याला उत्तर मिळत नाही. तो पुन्हा विचारतो, आवाज चढतो. तिसऱ्यांदा तो वाकडे बोलतो आणि लगेच ‘हा भांडखोर आहे’ असा शिक्का मारून त्याला बाहेर काढले जाते. हीही अरेरावीच. मौन बाळगणारा ॲडमिन आणि कुऱ्हाड चालवणारा ॲडमिन हे एकमेकांचे विरोधक दिसले तरी सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही माणसाशी बोलण्याचा कंटाळा असतो. टीकाकार आणि वैरी यांतील फरक ओळखणे ही या कामातील पहिली कसोटी होय. टीकाकाराला उत्तर हवे असते, ते मिळाले की तो बहुधा थांबतो. वैऱ्याला उत्तर नको असते, त्याला समोरचा माणूस खाली गेलेला पाहायचा असतो. तेव्हा आधी उत्तर द्यावे, मग पारख करावी. उत्तर न देता जो पारख करतो, त्याच्या हेतूविषयीच शंका घ्यावी लागते.

हे झाले आतल्या माणसांचे. वैर बाहेरून, धमकीच्या रूपाने आले तर काय करावे? याचे उत्तर मराठी साहित्य संमेलनाने एका वर्षाच्या अंतराने दोन तऱ्हांनी दिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. संमेलन उधळण्याची भाषा होताच आयोजकांनी ते निमंत्रण मागे घेतले. धमकी देणाऱ्यांना काही करावेही लागले नाही. त्यांचे काम यजमानांनीच करून टाकले. पुढे साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात झाल्या प्रकाराविषयी नापसंती व्यक्त केली. पण बोलावलेला पाहुणा आला नाही तो नाहीच.

त्याच वर्षी ९३ व्या संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली. दोन दशकांहून अधिक काळ ‘सुवार्ता’चे संपादन केलेल्या, वसईच्या हिरवाईसाठी झगडलेल्या या मराठी लेखकाला, तो कॅथलिक धर्मगुरू आहे एवढ्या कारणावरून विरोध झाला. महामंडळाकडे धमक्यांचे फोन आले. उद्घाटक होते आपल्या अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडचे कवी ना. धों. महानोर. त्यांनीही जाऊ नये म्हणून त्यांच्यावर दडपण आणले गेले. या वेळी महामंडळाने निमंत्रण मागे घेतले नाही. महानोर गेले. आणि १० जानेवारी २०२० रोजी उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, प्रकृती बरी नसतानाही फादर दिब्रिटो अध्यक्ष म्हणून उभ्या महाराष्ट्राशी बोलले. विरोधक दोन्ही वर्षी होतेच. फरक पडला तो यजमानांच्या कण्याने. फादर दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले, महानोर त्याच्या आदल्या वर्षी. त्यांच्या आठवणीचे कार्यक्रम आपण करतो. पण आपल्याच ग्रुपमधील एका मुलीची बाजू घेताना आपली बोटे थरथरत असतील, तर त्या कार्यक्रमांतील भाषणांना काय अर्थ राहिला?

राहता राहिला शेवटचा आणि आपल्यात सर्वाधिक चालणारा युक्तिवाद. “आपण ख्रिस्ती माणसे. क्षमा करावी, दुर्लक्ष करावे.” येथे शब्दांची अदलाबदल होत आहे. क्षमा ज्याचा अपराध झाला त्याने करावयाची असते. तिसऱ्याने बाकावर बसून परस्पर क्षमा वाटणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशातून दान करणे होय. शिवाय शुभवर्तमानात दुर्लक्षाचा उपदेश नाही. मत्तयच्या अठराव्या अध्यायात प्रभूने घालून दिलेली पायरी आपल्या परिचयाची आहे. चुकलेल्या भावाशी आधी एकांतात बोलावे, ऐकले नाही तर एका-दोघांना सोबत न्यावे, तरीही नाही तर मंडळीपुढे ठेवावे, आणि सर्व उपाय थकल्यावर त्याच्यापासून अंतर राखावे. यात मौनाला जागा नाही, तशी पहिल्याच दिवशी कुऱ्हाडीलाही नाही.

हीच पायरी ॲडमिनने आपल्या कामाला लावावी, असे माझे म्हणणे आहे. ग्रुपचे चार नियम साध्या मराठीत लिहून वर्षातून दोनदा सर्वांपुढे ठेवावेत. कोणाची जात, बोली, घराणे वा चारित्र्य काढायचे नाही. अपघात, चोरी, मुले पळवणे अशी बातमी खात्रीशिवाय पुढे पाठवायची नाही. पैशाच्या प्रश्नाला ठरल्या तारखेला आकड्यांनिशी उत्तर मिळेल. आणि नियम मोडल्यास काय होईल, हे आधीच सांगितलेले असेल. ॲडमिन एकटा नसावा. तिघे असावेत, त्यांत एक तरी स्त्री असावी, कारण दुहेरी अर्थाचे वाक्य पुरुषांना बहुधा ‘गंमत’ वाटते.

अपमानाचे वाक्य आले, तर ते पुसावे आणि त्याच दिवशी ग्रुपवर एकच ओळ लिहावी: ‘हे आपल्या नियमात बसत नाही, म्हणून काढले आहे.’ ही ओळ त्या गृहस्थासाठी तितकीशी नसते. ज्याचा अपमान झाला, त्याला आपण एकटे नाही हे कळावे यासाठी ती असते. पुढचे बोलणे ग्रुपवर करूच नये, कारण शंभर जणांसमोर कोणीही माघार घेत नाही. फोन करावा, शक्य तर घरी जावे. पुष्कळदा त्या वाकड्या बोलण्यामागे भावकीतले भांडण, गेलेली नोकरी, समाजाने कधीतरी केलेला अवमान असतो, आणि तो चार भिंतींच्या आत बाहेर पडतो. फोन कोणाला केलाच पाहिजे? अपमान करणाऱ्याला, हे खरे. पण त्याआधी त्याला, ज्याने ग्रुप सोडल्याची सूचना एकट्या ॲडमिनच्या फोनवर आली आहे.

दोनदा समजावूनही फरक पडला नाही तर काढावे, आणि काढताना कारण, मुदत आणि दाद मागण्याची जागा ही तिन्ही सांगावीत. धर्मग्राम परिषदेपुढे त्याला आपली बाजू मांडता यावी. मुदत संपल्यावर त्याला परत घ्यावे. आणि मधल्या काळात नाताळ आला, तर त्याच्या घरी फराळाचे ताट गेलेच पाहिजे. ग्रुपचा दरवाजा काही दिवस लावता येतो, शेजाराचा लावता येत नाही. प्रभू ज्यांच्या पंक्तीला जेवायला बसला, ते जकातदारच होते.

हे सारे करायला वेळ लागतो, बोलणी खावी लागतात, प्रसंगी मैत्री तुटते. ज्याला ते झेपत नसेल त्याने ॲडमिनपद सोडावे, त्यात कमीपणा नाही. परंतु पद ठेवायचे, वार्षिक सभेत शाल-नारळ घ्यायचा, आणि कोणी दुखावले गेले की ‘मी फक्त नंबर एकत्र केले’ म्हणायचे, हे यापुढे चालू देता कामा नये. ते नंबर नाहीत. ती आपल्या धर्मग्रामातील माणसे आहेत, आणि ॲडमिनने त्यांना नावानिशी बोलावले आहे.